वायरवाल्या शेठचे खोके

"वायरवाल्या शेठला नवं काही कळतच नव्हतं. जुन्या पत्त्यांना कवटाळून बसला नि सगळ्या नारायणगावाला मागं ठेवलं." हे आमचे चुलतबंधू तात्या यांचे मत. चहाच्या टपरीवर ते रोज मांडले जाते आणि मंडळी चहात गुंतलेली असल्यामुळे रोज बिनविरोध मंजूर होते. माझा विरोध येथे नोंदवतो.

इंटरनेटची जोडणी द्यायला आलेले शेठ आधी म्हणत, "राव, घरातलं समद्यात जुनं यंत्र दावा." लोक कौतुकाने नवा फोन पुढे करीत. शेठ त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. "नवं कुठंबी चालतंय. अडतंय ते जुन्यापाशी."

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले होते. नवे मुबलक होते, पण जुन्या यंत्रांना ते वाचता येत नव्हते. इतर केबलवाल्यांनी साऱ्या आळीत मिळून एकच जुना पत्ता वाटून टाकला. शेठ म्हणाले, "समद्या आळीला एकच दार! बाहेरून हाक मारली, तर ओ कोन देनार?" त्यांनी नवे पत्ते दिले, जुनेही राखले आणि दोहोंमध्ये दुभाष्यासारखे एक खोके बसवले. काम दुप्पट, बिघाडही दुप्पट. मी हटकले, तर म्हणाले, "भाऊ, तरास मला व्हऊ द्या. गिऱ्हाइकाच्या घरी अंधार न्हाई पायजे."

दर दिवाळीला ते त्या खोक्याच्या झाकणावर कुंकवाने स्वस्तिक काढीत. "डबा पुजनारा मानूस काय सुधारनार?" असे तात्या खिदळत. स्वतःच्या द्राक्षबागेतला जुनाट कॅमेरा बदलायचा म्हटले, की मात्र तात्यांची आधुनिकता आटत असे.

शेठ वारले. त्यांचे जाळे एका कंपनीने घेतले आणि आल्याआल्या ते खोके अडगळ म्हणून बंद केले. आता फक्त नवे पत्ते! तात्यांनी टपरीवर पेढे वाटले. त्याच संध्याकाळी त्यांच्या फोनवरची बाग काळी पडली. माल काढणीला आलेला. सुधारणावादी तात्या काठी घेऊन बांधावर राखणीला बसले. गावभर असेच कॅमेरे आंधळे झाल्यावर कंपनीने गुपचूप काहीतरी केले आणि चित्र परतले.

"कंपनीनं नवं मशीन बसवलंय, लई भारी!" तात्या आता फोनवरची बाग दाखवत सांगतात.

ते नवे मशीन मी कंपनीच्या खोलीत जाऊन पाहून आलो. त्याच्या झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक आहे.