खिळ्यावरची घुंगरं

बरेच महिने इथले अनुभव वाचते आहे आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. पिंपळाखालची बाई, मागून येणारी पावलं... सगळ्यांना हे रात्रीच कसं दिसतं, हा माझा नेहमीचा प्रश्न. मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. माणूस आतून कसा असतो ते रोज बघते, त्यामुळे आत आणखी काही लपलेलं असेल असं मला वाटत नाही. अंधश्रद्धा आमच्याकडेही आहेतच म्हणा. ड्युटीवर कोणी 'आज शांत आहे' म्हटलं की बाकीच्या खायला उठतात, कारण तसं म्हटलं की इमर्जन्सी येते म्हणे. मी मुद्दाम म्हणते.

हे मात्र माझ्या सख्ख्या भावाचं आहे आणि भरदिवसाचं आहे. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं.

दादा मरोळला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये सुपरवायझर. राहतो घाटकोपरला, असल्फ्याच्या बाजूला. आमचं गाव संगमेश्वरकडचं, आणि गणपतीतला आमचा जाखडीचा नाच म्हणजे दादाचा जीव की प्राण. आमच्या मंडळात चाळ, म्हणजे घुंगरांची माळ, एकाच पायात बांधतात, उजव्या. पुढे नाचणाऱ्याच्या त्या पायावर बाकीचे ठेका धरतात. गेली कित्येक वर्षं तो पाय दादाचाच आहे, आणि त्याचा त्याला जरा गर्वही आहे. असू दे.

गणपतीच्या आधी रविवारी दुपारी प्रॅक्टिस असते. त्या दिवशी मी तिथेच होते. चहाची सुट्टी झाली, दादा खुर्चीत पायावर पाय टाकून बसला होता, आणि वरच्या पायातली घुंगरं वाजत होती. छुम... छुम... एका लयीत. मी म्हटलं, पाय हलवू नकोस रे, डोकं उठतं. तर म्हणाला, "मी नाय हलवत गो. तो आपला आपणच हलतो."

पायावर पाय टाकला की गुडघ्यामागच्या नाडीने पाऊल थोडं हलतंच, कोणाचंही. पण इतकं नाही. मी त्याच्या गुडघ्यामागे हात घातला. लिंबाएवढी गाठ होती आणि ती हाताखाली उडत होती.

ती गाठ वर्षभर होती म्हणे. मंडळातल्या जाणत्यांनी ठरवून टाकलं होतं की ही नाचाची गाठ, पुढच्या नाच्याला होतेच. प्रत्येक प्रॅक्टिसनंतर कोणीतरी खोबरेल लावून ती चोळून द्यायचा. वर गल्लीतल्या डॉक्टरने सांगितलं होतं, आत पाणी झालंय, सुईने काढू. मंगळवारी काढणार होता. मी तिथल्या तिथे ते रद्द करायला लावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलच्या ट्यूबला जुनी झाल्यावर एका जागी फुगा येतो ना, तसा रक्तवाहिनीला येतो. त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. गुडघ्यामागचा क्वचितच बघायला मिळतो. त्यात रक्ताच्या गुठळ्या साठतात आणि निसटून खाली पावलात जाऊन अडकतात. चोळल्यावर तर विचारूच नका. दादाच्या पायाचं एक बोट निळसर झालं होतं, ते त्याने बुटावर ढकललं होतं. फुगा पूर्ण तुंबला तर पाय कापावा लागतो, आणि सुई घातली असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांची तपासणी, झाली. असे फुगे दुसऱ्या पायात किंवा पोटातही असतात, पण नशिबाने तिथे काही नव्हतं. आमच्या सर्जननी, त्यांना मी सर म्हणेन, समजावून सांगितलं की दादाच्याच मांडीतली शीर काढून गुडघ्यामागून नवा रस्ता करायचा आणि फुगा दोन्हीकडून बांधून टाकायचा. सगळं ऐकून घेऊन दादाने एकच विचारलं, नाचायला मिळेल का. सर म्हणाले, आधी पाय ठेवू या.

इथपर्यंत सगळं सायन्स आहे.

नातेवाईक म्हणून मला थिएटरमध्ये येऊ दिलं नाही. नियम बरोबर आहे, तरी बाहेरच्या बाकावर बसताना मला रडू आलं. ऑपरेशन छान झालं. दादाला वॉर्डात आणलं, पाय सरळ ठेवायचा, अजिबात हलवायचा नाही. वॉर्डात रीटा होती. ती मनोरीची, माझी जुनी मैत्रीण. दर तासाला ती पेनासारखं डॉपलरचं यंत्र पावलावर लावून रक्ताचा आवाज ऐकायची.

त्या रात्री मी थांबले, वहिनी घरी गेली. सकाळी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. काय झालं ते सांगेना, नुसतं म्हणाली, तू एकदा माझ्याबरोबर घरी चल. मला वाटलं बिचारी दमली आहे. पेज करायची होती, कपडे आणायचे होते, म्हणून दुपारी भेटीची वेळ संपल्यावर तिच्याबरोबर गेले.

तिने दार उघडलं आणि मला आवाज आला. छुम... छुम...

घुंगरं गणपतीच्या फळीशेजारी खिळ्याला टांगलेली होती. त्यांना कोणी हात लावलेला नव्हता. वहिनी म्हणाली, काल मी घरी आले तेव्हापासून वाजतायत.

मी आधी पंखा बघितला. बंद होता. खिडकी लावून घेतली. मेट्रो जवळून जाते, तिची थरथर असेल म्हणावं तर मांडणीवरचे स्टीलचे पेले गप्प होते, आणि मेट्रो काही सतत जात नसते. खिळ्याला बोट लावलं, खिळा स्थिर. शेवटी घुंगरं काढून तळहातावर घेतली.

ती हातात उडत होती. नाडी हाताला कशी लागते हे मला कोणी शिकवायला नको. अगदी तशीच. मी दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी बघितली. माझी धावत होती. ही संथ होती. दादाला नाडी हळू करणारी गोळी चालू होती.

मी घुंगरं परत टांगली. काय करायचं ते सुचेना, तेव्हा माणूस जे करतो तेच केलं, वहिनीला म्हटलं चहा टाक. ती टाकत होती, मी कपडे घडी करत होते, आणि आवाज थांबला.

वहिनी गॅस बंद करून तशीच उभी राहिली. "थांबलं," ती म्हणाली.

मी रीटाला फोन लावला. दादाचा पाय बघ म्हटलं. ती म्हणाली आत्ताच बघून आले, झकास आहे, तू जेव आणि झोप जरा. मी म्हटलं, "परत बघ, रीटा. माझ्यासाठी बघ."

ती फोन चालू ठेवूनच गेली. मला यंत्राची नुसती खरखर ऐकू येत होती, रक्ताचा आवाज नव्हता. मग रीटा म्हणाली, "पाय गार पडलाय गं. मी सरांना बोलवते," आणि फोन ठेवला.

नव्या रस्त्यात गुठळी झाली होती. दादा झोपला होता, वेदनेच्या औषधाखाली त्याला काही कळलंच नव्हतं. सरांनी लगेच आत घेतलं, गुठळी काढली, जोड दुरुस्त केला. पाय वाचला. रीटाने मला विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हटलं, असंच वाटलं. सरांनीही विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, अनुभव बोलतो. मी मान डोलावली.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हणाले असते. पुढच्या तपासणीत रीटाला सापडलंच असतं, कदाचित तेव्हाही पाय वाचला असता. तेही मान्य. पण खिळ्यावरच्या घुंगरांना नाडी कुठून आली, ते तुम्ही सांगा. दुसऱ्या ऑपरेशननंतर ती एकदाही वाजली नाहीत. वहिनी अजून मिक्सर मधेच बंद करून कान देते.

त्या वर्षी गणपतीत दादा खुर्चीवर बसून गायला. नंतर एका दुपारी त्याला फॉलोअपला घेऊन गेले होते. सगळं उत्तम होतं. परत येताना रिक्षात तो आपल्या उजव्या पावलाकडे बघत होता. मग म्हणाला, "तुला एक सांगतो, हसू नको. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आलो, तेव्हापास्नं मी मनात नाचत होतो. पाय हलवायचा नव्हता ना. म्हटलं, नाचत राह्यलो तर पाय ऱ्हाईल. रातभर ठेका सोडला नाय."

मी विचारलं, मग?

"मग दुसऱ्या दिवशी दुपारी झोप आली गो. लय दमलो होतो. म्हटलं, जरा थांबूया."

मी बाहेर बघत होते. सिग्नलला रिक्षा थांबली होती.

"खरं सांग," तो म्हणाला, "मी थांबलो म्हणून झालं काय?"

त्याला घुंगरांचं काहीच माहीत नाही. वहिनीने सांगितलेलं नाही, मीही नाही. मी सिस्टरच्या आवाजात म्हटलं, छे रे, गुठळी झाली म्हणून झालं, कोणालाही होते, नाचण्याशी काय संबंध. तो म्हणाला, बरं झालं विचारलं, आणि घाटकोपर येईपर्यंत कोपऱ्यात डोकं टेकून, तो पाय माझ्या मांडीवर ठेवून झोपला.

मी त्याच्या पावलावर बोटं ठेवली. पाय गरम होता, नाडी चांगली लागत होती. ती मी घर येईपर्यंत सोडली नाही. त्याला हे कधीच सांगणार नाही. सांगितलं तर माझा भाऊ पुन्हा झोपायचा नाही.