शत्रूला गेलेलं आमंत्रण

चंदीगडला लागून असलेल्या पंचकुल्यात घर बांधलं तेव्हा वरचा मजला तिथे शिकवणाऱ्या एका मराठी प्राध्यापकाला भाड्याने दिला. प्रयोगशाळांना काचसामान विकून मी वर आलेला माणूस. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नाही. भाड्यावर दोन तास वाद घातला, माझाच आकडा मान्य करून घेतला आणि त्या खुशीत त्याने लिहून आणलेल्या करारावर सही ठोकली. तिसऱ्या पानावर मागचं अंगण त्याच्याकडे गेलं होतं, आणि अंगणात मी लावलेलं लिंबाचं झाड. तीन वर्षं माझ्या बायकोने लोणच्यासाठी बाजारातून लिंबं आणली. भांडायला गेलो तर म्हणाला, "शेठ, सही वाचून करायची असते." हेच त्याने इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत चारचौघांत सांगितलं. लोक हसले. तो घर सोडून गेल्यावर पाच वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही, आणि ड्रायक्लीनरच्या पावतीची मागची बाजूही वाचल्याशिवाय सोडली नाही.

मग घरात ब्रॉडबँड आलं. शाळेतले मित्र सापडतील म्हणून एका साइटवर नाव घालायला बसलो. अटी इंग्रजीत, बारीक अक्षरांत. थोड्या नेटाने वाचल्या, पण खाली सरकवावं तितक्या त्या वाढतच होत्या. शेवटी 'मान्य' दाबलं. पुढे साइटने ईमेलचा पासवर्ड मागितला, मित्र शोधायला. सख्ख्या मेव्हण्याला मी कधी दुकानाची किल्ली दिली नाही. या साइटला पासवर्ड दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"शेठ, आमंत्रण मिळालं," प्राध्यापकाचा आवाज. "तुम्हाला माझ्याशी मैत्री करायचीय म्हणे. मी उत्तर दिलं नाही तर तुम्हाला वाईट वाटेल, असंही लिहिलंय."

साइटने माझ्या ईमेलमधल्या झाडून सगळ्यांना माझ्या नावाने पत्रं धाडली होती. लिंबांवरून मी त्याला तेव्हा दुकानातून एकदा खरमरीत ईमेल लिहिली होती, तेवढ्याने तोही माझ्या मित्रांत जमा झाला.

मी रिसीव्हरवर हात ठेवून मुलीला सगळं सांगितलं.

"बाबा, बोल दो ना, गलती से चला गया."

"कसं गेलं विचारलं तर?"

"बिना पढ़े क्लिक किया, और क्या."

हेच तर सांगायचं नव्हतं. मैत्री नाकारायची तर न वाचता मान्य केल्याचं कबूल करावं लागणार, आणि तेही नेमकं याच माणसापुढे.

"म्हटलं, पाच वर्षं झाली, आपणच हात पुढे करावा," मी फोनवर म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली. "रविवारी जेवायला या."

साइटला मी कडक पत्र लिहिलं. उत्तर आलं, तुम्ही अटी मान्य केल्या आहेत. समोर दुकानदार असता तर उठून निघायचं नाटक केलं असतं, त्याने हाक मारली असती. इथे उठून जाणार कुठे, आणि हाक मारणार कोण?

रविवारी प्राध्यापक आला, पोटभर जेवला.

"त्या साइटवर मात्र मी नाव घातलं नाही," तो म्हणाला. "अटी वाचल्या. तुमच्या नावाने सगळ्यांना पत्रं पाठवू, असं स्वच्छ लिहिलंय त्यात. तुम्ही वाचलंच असेल."

मुलगी ताटात बघून हसू दाबत होती.

"वाचलं ना," मी म्हणालो. "पटलं, म्हणूनच मान्य केलं."

आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.