विमान नापास

हौसेराव निकम तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि घरीही स्टोअरकीपरच होते. तीन कोटेशनं आल्याशिवाय खरेदी नाही आणि तपासल्याशिवाय माल आत नाही, हा त्यांचा धर्म. खांदेश्वरला आमची दारं समोरासमोर. नारळ घ्यायचा झाला तरी आधी स्वतः वाजवायचे, मग मला वाजवायला द्यायचे, आणि दोघांचं मत जुळलं नाही तर नारळ परत. माणूस चांगला, पण त्याच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा.

सत्त्याण्णवच्या गणपतीनंतर मस्कतहून त्यांच्या लेकीचा, सुनयनाचा, फोन आला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला होता. तुम्हीच दोघं इकडे या, असं ती रडत म्हणाली. दिवस भरणार होते जानेवारीत. जावयानं लगेच दोन तिकिटं पाठवली, तारीख बदलून मिळेल अशी. विजयमालावहिनींनी डिंकाच्या लाडवांच्या सामानाची यादी केली.

हौसेराव म्हणाले, "मी सोता चालवून बघितल्याबिगर तुला विमानात बसवणार न्हाय."

कंप्युटरवर विमान हुबेहूब चालवता येतं, असं कारखान्यातल्या कुणा इंजिनियरनं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मला घेऊन ते वाशीच्या एका कंप्युटरवाल्याकडे गेले.

"कशासाठी पायजे, काका? गेम की अकाउंट्स?" दुकानदारानं विचारलं.

"मस्कतला जायचंय."

"ट्रॅव्हल एजंट बाजूच्या गाळ्यात हाय, काका."

तिथून पुढे तीन दुकानांची कोटेशनं, त्यांचा तक्ता, तक्त्याखाली वहिनींची सही. सोळा एमबी रॅम घेतली तर विमान उड्या मारत जाईल, बत्तीस घ्या, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, ढग नीट दिसायचे तर थ्रीडी कार्ड वेगळं लागेल. तिसरा बोलून गेला की पुढच्या महिन्यात याहून जलद पेंटियम येतोय. झालं! हौसेराव थांबले. नवा आला तोवर जुनी कोटेशनं शिळी झाली. त्यात दिवाळी गेली. शेवटी जी वस्तू जिथे स्वस्त तिथून ती घेतली. मॉनिटर एकाचा, डबा दुसऱ्याचा, साउंड कार्ड तिसऱ्याचं. सगळं जोडून झाल्यावर कळलं की जॉयस्टिकची, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याची, वायर साउंड कार्डातच खुपसायची असते आणि त्या स्वस्त कार्डाला तसलं भोकच नाही. पुन्हा तीन कोटेशनं.

मला संताप यायचा. तिकडे पोरगी दिवस मोजतेय आणि इकडे हा बाबा भोकं मोजतोय!

डिसेंबरात एकदाचं विमान सुरू झालं. विमानाच्या खेळाच्या सीडीत मस्कत नव्हतं, अमेरिकेतली शहरं तेवढी होती. हौसेरावांनी शिकागो मंजूर केलं. तिथल्या धावपट्टीला लागूनच मोठं तळं. रोज संध्याकाळी ते चहा पिऊन उड्डाण करत आणि वहिनी कप विसळेपर्यंत तळ्यात पडत. जॉयस्टिक इतकी आवळून धरायचे की बोटं पांढरी पडायची. प्रत्येक वेळी रजिस्टरात नोंद व्हायची, 'माल नापास.' नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते मी रोज बघत होतो.

सत्ताविसाव्यांदा पडल्यावर त्यांनी दोन्ही तिकिटं माझ्यापुढे ठेवली. "कामाला वाशीला रोज जाताय न्हवं? त्या एजंटाकडं परत करून टाका. विमान नापास हाय."

वहिनी लाडू वळत होत्या. तशाच तुपकट हातानं त्यांनी आपलं तिकीट उचललं.

"अवो, मस्कतचं विमान काय तुमी चालवणार हाय? ज्याचं काम त्यो करंल की."

"मला भ्या वाटतंय गं," हौसेराव म्हणाले. इतक्या वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

"मला न्हाई वाटत व्हय? आन् पोरीला? तिला काय तुमचं रजिस्टर दावू?"

मला वहिनींचा अभिमान वाटला आणि हौसेरावांची फार कीव आली. त्यांचं तिकीट खिशात घालून मी घरी आलो.

पुढच्या रविवारी वहिनी एकट्याच गेल्या. त्यांना विमानतळावर सोडून हौसेराव परतले आणि मला शेजारी बसवून, बरोबर वहिनींच्या विमानाच्या वेळेला, त्यांनी शिकागोहून उड्डाण केलं. त्या दिवशी ते पडले नाहीत, कारण त्यांनी उतरायचा प्रयत्नच केला नाही. तळ्यावर नुसत्या घिरट्या चालल्या होत्या.

"उतरवा आता," मी दोन तासांनी म्हणालो.

"फोन आल्याबिगर न्हाय."

जेवणं राहिली. साडेचार तास झाले आणि इंधनाचा काटा तळाला टेकत आला, तेव्हा फोन वाजला. हौसेराव जॉयस्टिक टाकून धावले. वहिनींचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. "पोचले. पोर बरी हाय. पर सारकी इचारतीया, बाबा का न्हाई आलं?"

मागे पडद्यावर विमान तळ्यात पडलं. हौसेरावांनी वळूनही पाहिलं नाही. रिसीव्हर ठेवून त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"राव," ते म्हणाले, "ते माझं तिकीट तुमी परत केलं का हो?"

"नाही केलं," मी म्हणालो. "तीन कोटेशनं आल्याशिवाय कसं करणार?"