तो आकडा पाण्याचा होता

विभागाच्या ग्रुपवर संदेश आला तेव्हा मी तासावर निघाले होते. ‘आपले माजी शिपाई वामनआप्पा यांचे नामपूर येथे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. मी तिथेच लिहिलं, ‘शिपाई कसले? मला संशोधन त्यांनी शिकवलं.’ कोणाला झोंबलं तर झोंबू दे... दीड महिना झाला, माझा राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच आहे.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात मी पीएचडी करत होते. सिरॅमिकची पूड खलात तासन्‌तास घोटायची, दाबून बटणाएवढी चकती करायची, भट्टीत भाजायची आणि ती किती विद्युतभार धरून ठेवते ते मोजायचं, हे माझं काम. कागदावर माझं, हात बहुतेक वेळा आप्पांचे. प्रयोगशाळेतले हे परिचर दहावी नापास. पण माझ्या चकत्या तडकायच्या, त्यांच्या कधी तडकल्या नाहीत.

एका ओल्या ऑगस्टात माझा आकडा एकदम दुप्पट आला. क्ष-किरणांच्या आलेखात चकतीची रचना होती तशीच, पण भार धरायची ताकद दुप्पट! आमचे मार्गदर्शक सर खूश, मी तर हवेतच. पेपर लिहायला घेतला. आप्पांनी चकती बोटांत फिरवली. वैतागले की ते अहिराणीवर यायचे. “हाऊ आकडा पानीना शे ताई, मालना नही.” चकतीच्या बारीक छिद्रांत हवेतला ओलावा शिरला होता. त्यांनी ती ओव्हनमध्ये वाळवली आणि मला पुन्हा मोजायला लावलं. आकडा धपकन खाली आला. मी त्यांच्यावरच ओरडले, “तुम्हाला काय कळतं यातलं?”

“ओलं आन कोरडं कळतं,” ते म्हणाले.

सर म्हणाले, पहिलाच आकडा ठेव, कोण तपासायला येतंय? मी नाही ठेवला. पीएचडी वर्षभर लांबली, घरी बोलणी खाल्ली, तरी त्याचा मला आजही अभिमान आहे. पण खरा पेपर छापायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, लेखकांत आप्पांचं नाव घालूया. सर हसले. “शिपायाचं? उद्या भट्टीचंही घालशील.” आणि आकड्यासाठी भांडलेली मी, माणसासाठी मूग गिळून बसले. आप्पांनी छापील पेपर हातात घेतला, चकतीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही आपली.” नाव शोधलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवृत्तीनंतरही मी बोलावलं की ते नामपूरहून यायचे. यंदाच्या सगळ्या चकत्या त्यांच्याच हातच्या. त्या चकत्यांवरचा पेपर आप्पा असतानाच पाठवला, लेखकांत दुसरं नाव त्यांचं. विचारलं तेव्हा आधी लाजले, मग म्हणाले, “टाका.”

परवा त्या पेपरच्या परीक्षकांनी विचारलं, नमुन्यांत ओलावा नव्हता हे कशावरून? मी आप्पांची वही उघडली. प्रत्येक चकतीपुढे वाळवण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, आणि शेवटी त्यांच्या गोल अक्षरात ‘कोरडी’. ती पानं तशीच, मराठीतच, उत्तराला जोडली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी हळूच सुचवलं, “मॅडम, आता ते नाहीत. नाव आभारात घेतलंत तरी चालेल की...”

नाही चालणार. त्यांचं नाव काढायचं असेल तर आधी माझं काढा.