नर, मादी आणि माझी सही

रेश्माने माशांच्या दोन बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "सर, ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. यादीत दोन नावं जातील. तुम्ही बघून सही करा."

पेडण्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे. किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी कोणते जीव राहतात, त्याचा सर्व्हे आम्ही करतो. मी तिथला सगळ्यात जुना माणूस. मासा ओळखायचा तर गावस सरांना विचारा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. रेश्माला येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि ह्या वेळी पणजीच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन तिने करायचं, असं ऑफिसच्या प्रमुख कामत मॅडमनी ठरवलं होतं. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

बाटलीतला मासा बोटाएवढा. इंग्रजीत त्याला ड्रॅगोनेट म्हणतात. तो तळाशी वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि त्याचं सगळं शरीर त्याच हिशोबाने घडलंय. डोकं वरून दाबल्यासारखं चपटं, तिकोनी. डोळे डोक्याच्या वर, एकमेकांना चिकटून. तोंड बारीक, खाली वळणारं, वाळूतले किडे टिपायला. अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीत चिकटा. इतर माशांचे कल्ले गालाच्या बाजूला उघडतात. ह्याचे डोक्याच्या मागे, वरच्या अंगाला, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून उघडतात. बाजूला असते तर वाळूने बुजले असते. आणि दोन्ही गालांवर एकेक काटा, त्याला गळासारखे वाकडे आकडे.

रेश्मा हरमलची. तिच्या मामाची होडी आहे. हे मासे त्याच्याच जाळ्यातून आले होते. आम्ही दोघं आणायला गेलो तेव्हा मामा म्हणाला, "हें कोण खायना. काट्यान जाळें फाटता." त्याने ते आमच्यापुढे ओतले, बरं झालं गेले, अशा चेहऱ्याने.

मग रेश्मा गुडघाभर पाण्यात उतरली आणि मला म्हणाली, "सर, ते बघा." मला नुसती वाळू दिसत होती. "ते दोन डोळे." तरी दिसेना. तिने पाय आपटला तेव्हा वाळूचाच एक तुकडा उठून पुढे सरकला आणि परत वाळू झाला.

मी समुद्रापासून लांबच्या साखळी गावचा. समुद्र मला मासे टिकवायच्या फॉर्मालिनच्या बाटलीतून कळला. एवढ्या वर्षांत हा मासा मी जिवंत कधीच पाहिला नव्हता. तिला तो लहानपणापासून दिसत होता. त्या संध्याकाळी बसमध्ये मी तिच्याकडे पाठ करून बसलो. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

तर त्या बाटल्या. पहिलीतल्या माशाचा पाठीवरचा पुढचा पर, म्हणजे पोहायचा पंख, उंच होता, त्यातून दोऱ्यासारखे लांब काटे बाहेर आलेले. दुसरीतला मासा लहान, त्याचा तोच पर आखूड आणि त्यावर काळा ठिपका. बघणाऱ्याला वाटणारच की जाती दोन. मी पहिला मासा मायक्रोस्कोपखाली धरून उलटा केला. पोटाखाली, मागच्या पराच्या अगदी पुढे, छोटीशी नळी होती. ती नराची खूण. दुसऱ्यात ती जवळजवळ नव्हती. बाकी गालावरचे काटे, त्यांचे आकडे, सगळं जुळत होतं. एकाच जातीचे नर आणि मादी.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? इतक्या महिन्यांत तिची एक चूक सापडली होती, आणि ती पणजीत सगळ्यांसमोर उघडी पडणार होती.

दुपारी ती आली. "बघितलं, सर?"

"बघितलं," मी म्हणालो आणि 'तपासले'च्या पुढे सही केली.

आठ दिवसांनी मीटिंग झाली. मासा कुठे सापडतो, किती पाण्यात, चिखलात का नसतो, बारीक वाळूतच का असतो, हे रेश्मा असं सांगत होती की बाहेरून आलेले एक तज्ज्ञ पेन खाली ठेवून ऐकत होते. मी त्या दोन नावांची वाट बघत बसलो होतो.

ती नावं आली. तज्ज्ञ शांतपणे म्हणाले, "पोटाकडची बाजू बघितली का? हे मला नर-मादी वाटतात." त्यांनी रिपोर्टचं पान उलटलं. "तपासलं कोणी?"

मी सहीचा विचारच केला नव्हता.

मी तोंड उघडायच्या आत रेश्मा म्हणाली, "गावस सरांनी. पण मीच घाई केली. त्यांना नीट बघायला वेळ दिला नाही. चूक माझी."  मी तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

चहाच्या वेळी मॅडम आणि ती खिडकीपाशी उभ्या होत्या. मी जाऊन म्हणालो, "मला माहीत होतं."

"कधी कळलं?" रेश्माने विचारलं.

"सही केली त्याच दिवशी. आधी कळलं, मग सही केली."

मॅडमनी कप खाली ठेवला. रेश्माने विचारलं, "का, सर?"

"तुला ते वाळूत दिसतात म्हणून," मी म्हणालो. ऐकायला वेडगळ वाटलं, पण कारण तेवढंच होतं.

"मी शिकवलं असतं तुम्हांला," ती म्हणाली आणि आत गेली.

रिपोर्ट दुरुस्त होऊन गेला. यादीत एक नाव कमी झालं. तिने लिहिलेला वाळूचा भाग तज्ज्ञांनी मागून घेतला. तपासणीचं काम मॅडमनी माझ्याकडून काढलं आणि रेश्माला दिलं. आता माझ्या बाटल्या ती तपासते. गेल्या महिन्यात माझ्या एका लेबलावर तिला चूक सापडली, तर दहा मिनिटांत ती टेबलाशी आली, दार लोटून घेतलं आणि सांगितलं. मी दुरुस्त केलं. कोणाला कळलंही नाही. तिला हे इतकं सहज जमतं, त्याचासुद्धा मला थोडा हेवा वाटला.

नव्या मुलांना मी एवढंच सांगतो. दुसऱ्याच्या कामात जे दिसेल ते त्याच दिवशी सांगा. आठ दिवसांनी सांगायला गेलात तर माशाबद्दल कोणी विचारत नाही, त्या आठ दिवसांबद्दल विचारतात.