शेवटचा हात कोणाचा?

प्राध्यापक यशवंतराव परुळेकर यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहावे असा निरोप आला, तेव्हा संपादकांचा काही घोटाळा झाला असावा असे मला वाटले. भायखळ्याच्या तंत्रशाळेत सरांच्या देखरेखीखाली ज्यांनी इंजिने उघडली, त्यांनी या ग्रंथात लिहिणे योग्य. मी बँकेत आयुष्य काढलेला मनुष्य. चौकशी केल्यावर कळले की माझे नाव स्वतः सरांनीच सुचवले आहे. ते का, हे मला अजूनही नीट उमगलेले नाही.

आमचा परिचय बँकेच्या दादरच्या शाखेत झाला. सर माझ्या टेबलापुढे उभे होते आणि टेबलावरचा पंखा खडखडत होता. मी सही मागितली, तर ते म्हणाले, "थांबा, जरा ऐकू द्या." मग विचारले, "या पंख्याला शेवटचा हात कोणाचा लागला?" मला तो प्रश्न रुचला नाही. आमच्याकडे हा प्रश्न विचारला की पाठोपाठ लेखी खुलासा मागितला जातो. शिपायाने चाचरत सांगितले की काल त्यानेच पंखा पुसला होता. "छान पुसलास," सर म्हणाले, "जाळी तेवढी उलटी बसलीय." त्यांनी ती फिरवली, सही केली आणि ते गेले.

हा प्रश्न म्हणजे सरांची अध्यापनपद्धतीच होती, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. इंजिनात नट पडला की वर्ग गप्प होई. "अरे, नाव लिहून घेत नाहीय मी," सर म्हणत, "हात कोणाचा ते सांग, म्हणजे तिथून सुरुवात करू." दोष देणे आणि बिघाड शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मी फार उशिरा शिकलो. ते कसे, हेच मला येथे नमूद करावयाचे आहे.

मांडव्यापलीकडे टेकाडावर आमची लहानशी वाडी आहे. 'आमची' या शब्दाच्या जागी कोणता शब्द घालावा, ते मला कळत नाही. माझे गुडघे निकामी झाल्यावर माझ्या पत्नीने, नलिनीने, चढासाठी एटीव्ही घेतली. जाड टायरांची, हँडलची ही चारचाकी; वेगाचा खटका, म्हणजे थ्रॉटल, अंगठ्याने दाबला की ती पळते. नलिनी ती चालवीत असे आणि मी मागे बसत असे. गेल्या श्रावणात नलिनी गेली. दिवाळीनंतर मी एकटा वाडीवर गेलो. गाडी सुरू झाली, खालच्या लाल मातीच्या वाटेवर हळूहळू बरी चालली. चढाला अंगठा दाबला, तर क्षणभर काहीच होईना. मग एक हिसका, एक खोकला, आणि गाडी मागे सरकत काजूच्या बुंध्याला टेकली. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, गाडी चढत नसेल तर तुम्ही वर जाणार कसे? विकून टाका वाडी." तिचे बरोबर होते. त्या गाडीवाचून मला वाडी उरली नव्हती.

गाडी टेम्पोत घालून बोटीने मुंबईत आणली आणि लालबागच्या एका गॅरेजात दिली. तेथील मेकॅनिकने पेट्रोल बदलले, प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. "एअर फिल्टर तर एकदम साफ आहे, काका, त्याला हात लावायचं कामच नाही." तरीही गाडी पिकअप घेईना. अखेर तो म्हणाला, "इंजिन खोलायला लागेल. नाहीतर द्या भंगारात. या वयात कशाला डोक्याला ताप?" तो प्रामाणिक होता. काय करावे, हे मला ठरवता येईना.

सरांना हे कळताच त्यांनी गाडी आपल्या परळच्या इमारतीच्या अंगणात आणविली. तिची जाड चाके बघून गॅलरीतून एक शेजारी म्हणाले, "सर, शेती परळात करणार काय?"

"हो, गच्चीवर भात लावतोय. नांगराला या."

सौ. परुळेकर चहा घेऊन खाली आल्या. "आधी च्या घेवा, मगे काय ता बघा," असे त्यांनी मला बजावले. सर मात्र गाडीपाशी उकिडवे बसून ऐकत होते. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"लालबागच्या मेकॅनिकचा," मी म्हणालो.

"त्याच्याआधी?"

"माझा."

"तुमच्याआधी, प्रधानसाहेब?"

मी चहाचा कप खाली ठेवला. सरांनी पुन्हा विचारले नाही. प्लग काढून त्यांनी मला त्याची काजळी दाखवली. "पेट्रोल पोचतंय, हवा कमी पडतेय. हळू चालताना भागतं, अंगठा दाबला की श्वास पुरत नाही. आणि हा फिल्टर बघा. तुम्ही लाल मातीत फिरवलीत ना? मग धूळ गेली कुठे?"

फिल्टरच्याही अलीकडे हवा आत घेणारी नळी असते. सरांनी सायकलचा स्पोक वाकवून तिच्या वळणात घातला आणि अलगद ओढला. बाहेर आला तो निळ्या चौकडीच्या सुती साडीचा बोळा. एका टोकाला कुंभारीण माशीने घर बांधायला आणलेली माती चिकटली होती. पावसाळ्यात ही माशी दिसेल त्या भोकात घर करते, म्हणून आमच्या वाडीवर कुलपांची छिद्रेसुद्धा चिंध्यांनी बुजवतात. गाडीचीही नळी नलिनी बुजवीत असे, हे मला ठाऊक नव्हते. पावसाआधी तिने बोळा घातला होता. काढायला ती राहिली नाही. मी गाडी सुरू केल्यावर तो आत ओढला गेला होता.

सरांनी तो झटकला नाही. घडी करून माझ्या हातात दिला. "शेवटचा हात वहिनींचा. काम चोख केलंय त्यांनी. अर्धं राहिलं, एवढंच."

गाडी आता चढ चढते. वाडी विकलेली नाही. तो बोळा धुवावा की तसाच ठेवावा, हे मात्र मला ठरवता आलेले नाही. सरांना विचारले, तर ते म्हणाले, "धुऊ नका, ठेवूही नका. पाऊस आला की नळीत घाला. त्याचं काम तेच आहे."

त्याप्रमाणे यंदा मी तो घालणार आहे. दिवाळीपूर्वी काढण्याची आठवण सरांनी करून द्यावयाची, असे ठरले आहे. मी विसराळू आहे आणि पावसाळे दरवर्षी येतात. तेव्हा सरांना उत्तम आरोग्य लाभो, आणि ही आठवण करून देण्याचे काम त्यांच्याकडे पुढील कित्येक वर्षे राहो, अशी माझी मनःपूर्वक प्रार्थना आहे. तिच्यात माझा स्वार्थ आहे, हे त्यांना ठाऊक आहेच.