वीस सेंटिमीटर जास्त

यावोरेत्स या डोंगरगावातल्या स्की-लिफ्टच्या तिकीटखिडकीवर दर गुरुवारी एक कागद लागतो: पुढच्या आठवड्यात डोंगरावर किती बर्फ पडेल. खाली सही असते, नेव्याना कारामितेवा. वय अठ्ठावन्न. हवामान खात्याचे नकाशे ती बघते, पण त्याआधी वरच्या कुरणात जाते. तिथे एक पांढरी फळी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावरचा बर्फ मोजायचा आणि फळी झाडून कोरी करायची. हे काम तिच्या वडिलांनी एकतीस हिवाळे केलं, तिचा हा बाविसावा.

गेले तीन हिवाळे मात्र तिचा आकडा खिडकीवर पोचत नव्हता. लिफ्टचे संचालक असेन देचेव कागद टाइप करताना त्यात वीस सेंटिमीटर घालत. सही तिचीच राही. प्लोवदिवहून आलेल्या एकाने खडकावर मोडलेली स्की तिच्या दारात आणून टाकली. बेकरीवाली राद्का रोज विचारी, "काय गं, आज आकडा फळीवरचा की मनचा?"

देचेवना तिने एकदाच जाब विचारला. ते म्हणाले, "बाई, खरा आकडा वाचून इथे कुत्रं फिरकणार नाही. तुम्ही फळी झाडा." त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

जानेवारीत पोस्टाबाहेर रस्ता खात्याची नोटीस लागली. शनिवार-रविवार मिळून साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फाचा अंदाज असेल, तर घाटाचं फाटक शुक्रवारी दुपारी एकला बंद होईल. अंदाज लिफ्टच्या खिडकीवरचा धरला जाईल. नेव्यानाने ती दोनदा वाचली. देचेव असल्या नोटिसा वाचत नसत.

फेब्रुवारीत शर्यतीचा आठवडा आला. शनिवार-रविवारसाठी तिने पन्नास लिहिले. हिशेबाने पन्नासच येत होते. नोटिशीबद्दल देचेवना एक वाक्य सांगणं तिच्या हातात होतं. ती घरी जाऊन जेवली. खिडकीवर सत्तर लागले.

शुक्रवारी एक वाजता फाटक बंद झालं. सोफियाहून शर्यतीला निघालेल्या सहा बस पायथ्याला अडकल्या. दीड वाजता देचेव तिच्या दारात.

"रस्तावाले म्हणतात, अंदाज करणाऱ्याने स्वतः लिहून दिलं तर उघडतो. बसवाले तीनपर्यंत थांबतील. लिहा, चूक झाली म्हणून."

"कुणाची?"

"आता हे काय काढलंत, नेव्यानाबाई!"

"मी पन्नास लिहिले होते. सत्तर कुणी केले ते तुम्ही लिहा, मग मी लिहिते."

देचेवनी उभ्याउभ्याच खरडलं: आकड्यात कधीकधी किरकोळ बदल होत असे.

"कधीकधी?" तिने कागद परत सरकवला. "आणि होत असे म्हणजे काय? आपोआप?"

"शर्यत बुडेल हो!"

"बसा ना. खुर्ची आहे."

दुसऱ्या कागदावर 'मी' आला, पण एकच हिवाळा आला. तोही तिने परत केला. तिसऱ्या कागदावर देचेवनी लिहिलं, की तीन हिवाळे दर आठवड्याला मी कारामितेवाबाईंचा आकडा वाढवून त्यांच्या सहीनिशी लावला. तिने चष्मा पुसून तो सावकाश वाचला, तारीख घालायला लावली आणि मग आपल्या दोन ओळी लिहून दिल्या. तेव्हा साडेतीन वाजले होते. फाटक उघडलं, पण बस केव्हाच माघारी फिरल्या होत्या.

देचेवचा कागद तिने स्वतः जाऊन तिकीटखिडकीवर चिकटवला. चारी कोपरे दाबले.

राद्का खिडकीशी आली, हाताला पीठ तसंच. शर्यतीसाठी तिने बानित्साच्या, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या, चाळीस थाळ्या भाजल्या होत्या. तिने कागद वाचला, मग परत वाचला.

"म्हणजे तू खरं लिहायचीस. चुकलं माझं," ती म्हणाली. "पण तासभर आधी सही दिली असतीस तर माझा माल तरी खपला असता. देता आली असती ना?"

"आली असती," नेव्याना म्हणाली, आणि फळी झाडायला वर निघाली.